इस्त्री : शब्द, साधन आणि निगा

सनदा, महजर, वंशावळी आणि पोथ्या यांचा संग्रह करणारे अभ्यासू गृहस्थ महाराष्ट्रांत पुष्कळ आहेत. परंतु ज्या वाड्यांतून हे कागद निघतात, त्याच वाड्यांच्या माळ्यावर व कोनाड्यांत पडलेल्या जिनसांकडे त्यांची दृष्टि क्वचितच वळते. मोडी कागद रुमालांत बांधून नेला जातो, आणि त्याच्या शेजारचें पितळ मोडींत जातें. कागदास जसा कर्ता, काळ आणि स्थळ असतें, तसेंच तें घरांतील जिनसांसही असतें. वाचण्याची लिपि तेवढी निराळी. अशा जिनसांपैकीं कोळशाची इस्त्री हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इस्त्रीविषयीं सामान्यतः दोन मतें ऐकूं येतात. एक असें कीं, हें सर्व प्रकरण साहेबाबरोबर आलें, आणि तत्पूर्वीं आपले लोक चुरगळलेलेंच वस्त्र नेशीत. दुसरें असें कीं, इस्त्री हा शब्द मूळचा संस्कृत आहे, सबब ती वस्तुही प्राचीन आहे. विचार करितां हीं दोन्ही मतें टिकत नाहींत. वस्त्र गुळगुळीत व घडीदार करण्याचें काम आपल्याकडे फार जुनें आहे. निखाऱ्यांची पेटी त्यामानानें अर्वाचीन आहे. आणि तिचें नांव बहुधा पोर्तुगिजांच्या सहवासांतून आलेलें आहे. काम, नांव व साधन या तिहींचीं वयें निराळीं आहेत, हें येथें प्रथम दाखवावयाचें आहे. त्यापुढें या साधनाचा वापर व निगा यांविषयीं लिहिलें आहे. कारण जी वस्तु कशी चालते हें ठाऊक नाहीं, तिची राखणही नीट होत नाहीं.

१. काम

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत (श्लोक ३९६) वस्त्रें धुणारानें तीं शाल्मलीच्या, म्हणजे सांवरीच्या, गुळगुळीत फळीवर हळूहळू धुवावींत, एकाचीं वस्त्रें दुसऱ्याच्या वस्त्रांत बांधून नेऊं नयेत आणि परक्यास नेसावयास देऊं नयेत, असा नियम आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची नजर याहून बारीक आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं म्हैसूर येथें प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या चौथ्या अधिकरणाच्या पहिल्याच अध्यायांत रजकांचे नियम येतात. लांकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवर धुवावें. अन्यत्र धुतल्यास वस्त्राची हानि भरून देऊन वर ६ पण दंड द्यावा. मुद्गराची खूण असलेल्या वस्त्राखेरीज दुसरें वस्त्र रजकानें अंगावर घातल्यास ३ पण दंड, आणि गिऱ्हाइकाचें वस्त्र विकल्यास, भाड्यानें दिल्यास वा गहाण टाकल्यास १२ पण. शुभ्रतेच्या चार प्रती सांगून प्रत्येक वरच्या प्रतीस एकेक रात्र अधिक मुदत दिलेली आहे. त्यांतील शेवटच्या प्रतीचें नांव ‘प्रमृष्टश्वेत’, म्हणजे घासूनपुसून पांढरें केलेलें.

अमरसिंहाच्या कोशांतही वस्त्रांचा संसार मोठा आहे. धुणाऱ्यास निर्णेजक व रजक हीं नांवें आहेत. कोऱ्या वस्त्रास अनाहत व निष्प्रवाणि म्हटलें आहे. धुतलेल्या वस्त्रांच्या जोडीस तर ‘उद्गमनीय’ हा स्वतंत्र शब्द आहे. ज्या भाषेनें धुतलेल्या जोडीसही नांव दिलें, त्या भाषेच्या या कोशांत तापलेल्या धातूनें वस्त्र दाबण्याच्या साधनास नांव दिलेलें नाहीं. मौनावरून अभाव सिद्ध होत नाहीं, हा न्याय मला मान्य आहे. तथापि नामकरणांत इतका उदार असलेला कोशकार ज्या ठिकाणीं गप्प बसतो, तेथें ती वस्तु लोकांच्या नित्य व्यवहारांत नव्हती असें अनुमान करणें फारसें धाडसाचें नाहीं.

मग वस्त्राच्या चुण्या जात कशा? याचें उत्तर आपल्या बोलींत आहे. खळ देणें, ताणून वाळविणें, घोटणें, कुंदी करणें, चुणणें आणि घडी घालून दडपणें, हीं सर्व क्रियापदें इस्त्रीवांचून पूर्ण होणाऱ्या कामांचीं आहेत. खळ म्हणजे तांदुळाची वा साबुदाण्याची पातळ पेज; तिनें सुताचें बूड बसतें. कुंदी म्हणजे किंचित् ओलसर कापडाची घडी ठोकळ्यावर ठेवून लांकडी मोगरीनें ठोकणें. तिनें धागे चपटे होऊन वस्त्रास झळाळी येते. घोटणें म्हणजे शंख, कवडी अथवा गुळगुळीत दगड दाबून फिरविणें. उष्णतेचें काम या सर्व ठिकाणीं दाब व घर्षण हीं करितात.

हा प्रकार एकट्या महाराष्ट्राचा नव्हे. ढाक्याच्या मलमलीविषयीं तेथील इंग्रज वैद्य जेम्स टेलर यानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जी माहिती लिहून ठेविली, तींत कुंदीगर हा कारागिरांचा वेगळा वर्ग आढळतो. चिंचेच्या लांकडाच्या ठोकळ्यावर मलमल ठेवून ती शंखांनीं गुळगुळीत करीत. उत्तर युरोपांतील थडग्यांतूनही व्हायकिंग लोकांचे कांचेचे चपटे गोळे निघाले आहेत. त्यांनीं तेथील बायका तागी वस्त्र घोटीत. एकमेकांस न पाहिलेल्या दोन देशांनीं एकच युक्ति काढावी, हें कामाच्या स्वरूपामुळेंच घडतें.

पोथ्यांच्या संग्राहकांस ही घोटण्याची क्रिया अपरिचित नाहीं. जुन्नरी व दौलताबादी हातकागद असाच खळ देऊन, वाळवून, गुळगुळीत दगडानें घोटलेला असे, आणि त्यामुळेंच बोरू त्यावर न अडखळतां चाले. खळ आणि घोटा हे वस्त्र व कागद या दोहोंचे समान संस्कार आहेत. हा मुद्दा पुढें निगेच्या प्रकरणांत पुन्हा उपयोगी पडेल.

मराठींतील ‘परीटघडी’ या शब्दाकडे येथें विशेष लक्ष दिलें पाहिजे. परीट हा बारा बलुतेदारांपैकीं एक. त्याच्या हातून आलेल्या स्वच्छ वस्त्राची प्रशंसा करितांना भाषेनें घडीचें नांव घेतलें. उष्णतेचें घेतलें नाहीं, आणि कोणा यंत्राचेंही घेतलें नाहीं. नवें लुगडें प्रथम नेसणें म्हणजे ‘घडी मोडणें’. धोतर, उपरणें, लुगडें हीं न शिवलेलीं वस्त्रें. त्यांस काटकोनी घडी व वर वजन एवढें पुरे होतें. रात्रीं धोतर गादीखालीं घालून सकाळीं तें नेसण्याची चाल अनेक घरांत होती. शिवलेल्या सदऱ्याची कॉलर, बाहीचा पट्टा आणि पाटलोणीची उभी घडी यांचें मात्र गादीखालीं भागत नाहीं. शाळा, कचेऱ्या व फौज यांच्याबरोबर शिवलेला पोषाख जसजसा रूढ झाला, तसतशी निखाऱ्यांच्या पेटीची गरज वाढली. साधनाच्या प्रसाराचें कारण वस्त्राच्या बेतण्यांत शोधावें लागतें, तें असें.

२. शब्द

आतां नांवाकडे वळूं. इस्त्री शब्दाचें मूळ संस्कृतांत शोधणारे ‘स्तृ’ धातूचा आश्रय करितात. या धातूचा अर्थ पसरणें, अंथरणें. त्यापासून आस्तरण, विस्तार, स्तर इत्यादि शब्द झाले. पसरणें व सपाट करणें यांचा अर्थसंबंध जुळतो, हें खरें. परंतु केवळ अर्थ जुळला म्हणजे व्युत्पत्ति सिद्ध होत नाहीं. प्रयोग दाखवावा लागतो. संस्कृतांत ‘स्तरी’ असा शब्द आहे, आणि तो ऋग्वेदांतला आहे. पण तेथें त्याचा अर्थ भाकड गाय असा आहे. भाकड गाईवरून धोब्याच्या पेटीपर्यंत येण्यास लागणारी कल्पकता निरुक्तकारांसही साधली नसती. आरंभींच्या ‘इ’विषयीं असें म्हणतां येईल कीं, इस्टेशन या उच्चारांत जशी ती आगंतुक आहे तशीच येथेंही असेल. तें मान्य केलें तरी मूळ राहतें ‘स्त्री’, आणि त्या शब्दाशीं या लोखंडाचा संबंध शाळेंतील मुलांच्या विनोदापलीकडे जात नाहीं.

पोर्तुगीज शब्दांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांनीं या शब्दाचें मूळ ‘एस्तिरार’, म्हणजे ताणणें, असें दिलें आहे. आशियांतील भाषांवरील पोर्तुगिजांच्या ऋणाच्या शोधाचा पाया मोन्सिन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो (१८५५–१९२२) यांनीं घातला. बार्देशांतील आसगांवचे हे गृहस्थ पुढें लिस्बन येथें संस्कृताचे अध्यापक झाले. त्यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ १९१३ सालीं कोइंब्रा येथें निघाला, आणि त्याचें सोआरिश यांनीं केलेलें इंग्रजी रूपांतर १९३६ सालीं बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत प्रसिद्ध झालें. शब्दांचें परकेपण मान्य करण्यांत कमीपणा नाहीं, हें या संस्कृतज्ञ गोमंतकीयानें आपल्या उदाहरणानें दाखविलें आहे.

ध्वनीच्या दृष्टीनें ही व्युत्पत्ति सरळ आहे. पोर्तुगीज शब्दाच्या आरंभींचा ‘एस्’ आपल्याकडे ‘इस्’ होतो. ‘एस्कोला’, म्हणजे शाळा, याचें कोंकणींत इस्कोल झालें. ‘एस्पादा’, म्हणजे तरवार, यावरून इस्पात आला असें मानितात. त्याच वाटेनें एस्तिरार शब्दाचें इस्तिरी, इस्तरी व इस्त्री होणें स्वाभाविक आहे. शिवाय हा शब्द एकटा आलेला नाहीं. शिंपीकामांतील फीत ही पोर्तुगीज ‘फिता’ होय. गुंडीचें काज म्हणजे ‘काझा’. त्या भाषेंत या शब्दाचा अर्थ घर, आणि गुंडीचें घर हाही त्याचाच अर्थ. बालदी, घमेलें, पगार, लिलांव, बटाटा हीं भावंडें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. गोवें १५१० पासून पोर्तुगिजांकडे होतें. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, म्हणजे सुमारें २०५ वर्षें, त्यांच्या ताब्यांत होती. चौल व साष्टी येथेंही त्यांचा वावर होता. शिवलेल्या कपड्यांचे शब्द या किनाऱ्यावर उतरण्यास हा काळ पुरेसा आहे.

या मतावर दोन आक्षेप येतात. त्यांचा परामर्श घेतल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. पहिला आक्षेप अर्थाचा. पोर्तुगीज भाषेंत कपड्यास इस्त्री करणें यासाठीं ‘एंगोमार’ म्हणजे खळ देणें, किंवा ‘लोखंड फिरविणें’ या अर्थाचा शब्दप्रयोग रूढ आहे, एस्तिरार नव्हे. हा आक्षेप वजनदार आहे. यास उत्तर इतकेंच कीं, उसनवारींत शब्द नेहमीं मुख्य अर्थानेंच येतो असें नाहीं. मालक नोकरास कापड ‘ताण’ म्हणून सांगतो, आणि नोकर हातांतील साधनासच तें नांव देतो, असें अनेक भाषांत घडलें आहे. कापड ताणणें व तें तापलेल्या पात्रानें दाबणें या क्रिया मुळांत जोडीच्याच आहेत. याचें चित्ररूप प्रमाण पुढें येईल.

दुसरा आक्षेप डचांचा. त्यांच्या भाषेंत इस्त्री करणें यास ‘स्ट्रेइकन’ म्हणतात, आणि डचांची वखार सतराव्या शतकांत आपल्या वेंगुर्ल्यासही होती. परंतु जेथें डच शब्द गेला, तेथें त्याचा ‘क’ त्याच्याबरोबर गेला. सिंहलींत इस्तिरिक्क, मलायींत सेतेरिका आणि इंडोनेशियाच्या भाषेंत सेत्रिका. मराठी, कोंकणी, गुजराती, हिंदी या कोणत्याही भाषेंत तो ‘क’ नाहीं. एका व्यंजनाचा हा पुरावा लहान दिसला तरी साक्ष देण्यास पुरेसा आहे. म्हणून पोर्तुगीज मूळ हें सिद्ध नव्हे पण सर्वांत संभवनीय आहे, एवढेंच मी म्हणतों.

या निर्णयाचा संग्राहकांस प्रत्यक्ष उपयोग आहे. पोर्तुगीज गलबतें कालिकतास प्रथम लागलीं १४९८ सालीं. त्यापूर्वींची म्हणून दाखविलेल्या एखाद्या बखरींत, महात्म्यांत वा हिशेबांत धोब्याच्या साधनाच्या अर्थानें इस्त्री शब्द आढळला, तर त्या मजकुराकडे संशयानें पाहिलें पाहिजे. अक्षराचें वळण व कागदाची जात यांचें सोंग आणतां येतें. घरगुती शब्दाकडे मात्र बनावट करणाराचें लक्ष नसतें, आणि तो तेथेंच सांपडतो.

३. साधन

निखाऱ्यांच्या उष्णतेनें वस्त्र दाबण्याची कल्पना सर्वांत आधीं चीन देशांत दिसते. तेथील जुनें साधन म्हणजे दांडा असलेलें धातूचें उघडें पात्र; त्यांत निखारे घालून त्याचा तळ रेशमावर फिरवीत. सम्राट् हुइझोंग (कारकीर्द ११००–११२६) याच्या नांवावर असलेलें, जुन्या मूळचित्रावरून काढलेलें एक प्रसिद्ध चित्र बॉस्टनच्या संग्रहालयांत आहे. त्यांत ताणून धरलेल्या रेशमी पटावर असें पात्र फिरविणारी स्त्री दाखविली आहे. ताणणें आणि शेकणें यांची जोडी म्हणून वर जें म्हटलें, त्याचें हें चित्ररूप प्रमाण होय. आपल्याकडे इस्त्री नसलेल्या घरांतून विद्यार्थी पितळेच्या तांब्यांत निखारे घालून सदरा सारखा करीत. तो तांब्या आणि चीनचें पात्र यांत तत्त्वाचा भेद नाहीं.

युरोपांत दोन जाती वाढल्या. एक भरीव लोखंडी ठोकळा, जो चुलीवर तापवून वापरावयाचा. दुसरी पोकळ पेटी, जींत तापलेला लोहखंड अथवा निखारे भरावयाचे. भरीव ठोकळ्याची मूठही तापे, हा त्याचा मोठा दोष. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत ओटमवा येथील मेरी फ्लॉरेन्स पॉट्स या बाईंनीं १८७१ सालीं काढून घेतां येणारी लांकडी मूठ शोधून तिचा हक्क नोंदविला. तळ चुलीवर तापत असे आणि मूठ थंड राहत असे. न्यूयॉर्क येथील हेन्री सीली यानें ६ जून १८८२ रोजीं विजेच्या इस्त्रीचा हक्क मिळविला. पण एडिसनचें त्या शहरांतील पर्ल स्ट्रीटचें वीजगृहच त्या वर्षाच्या सप्टेंबरांत सुरू झालें. घराघरांत वीज नाहीं तोंवर हा शोध कागदावरच राहणें भाग होतें.

आपल्याकडे रुळली ती निखाऱ्यांची पेटी. तिचे अवयव असे : जाड तळ, त्यावर उभ्या भिंती, मागें बिजागरीनें बसविलेलें झांकण, झांकणावर दोन खांबांत धरलेली लांकडी मूठ, पुढें झांकण अडकविण्याची खिट्टी, भिंतींस वाऱ्यासाठीं भोंकें, आणि आंत निखारे तळापासून उचलून धरणारी जाळी. ही जाळी पुष्कळ जुन्या नगांतून हरवलेली असते. पण तीच या यंत्राचें मर्म आहे. तिच्यामुळें निखाऱ्यांस खालून वारा मिळतो व राख तळाशीं बसते. खिट्टीवर कोंबड्याची आकृति पुष्कळदा आढळते. ती युरोपीय नगांवरही आढळत असल्यानें तेवढ्यावरून नगाचें स्थळ ठरवूं नये. धंद्याची इस्त्री बिडाची वा पितळेची, सहज ५ ते ६ किलो भरते. तें वजन ओझें नसून कामाचा भाग आहे, कारण दाब हाताऐवजीं पेटी देते.

४. वापर

कोळशाची इस्त्री आतां घरांतून गेली असली, तरी कांहीं रस्त्यांवर व लहान गांवीं परीटबंधूंच्या टेबलांवर ती अजून दिसते; कांहीं ठिकाणीं तिची जागा गॅसवरच्या इस्त्रीनें घेतली आहे. तिचा वापर असा.

निखारे पेटींत पेटवूं नयेत. बाहेर शेगडींत पूर्ण फुलवून मग भरावे. अर्धवट जळलेला कोळसा धूर व ठिणग्या टाकतो. बाभळीसारख्या कठीण लांकडाचा लोणारी कोळसा टिकतो. कोंकण-गोमंतकांत नारळाच्या करवंटीचा कोळसाही वापरीत. पेटी भरल्यावर ती अंगणांत नेऊन झुलवावी, म्हणजे भोंकांतील राख तेथेंच उडून जाईल. हें काम कपड्याशेजारीं केल्यास पांढऱ्या सदऱ्यावर काळे ठिपके पडतात. बंद खोलींत कोळशाची इस्त्री कदापि चालवूं नये. जळत्या कोळशांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो, आणि तो प्राणघातक आहे.

कपडा कोरडा ठणठणीत नसावा. पाणी शिंपडून, गुंडाळून, कांहीं वेळ ठेवावा, म्हणजे ओल सर्वत्र सारखी पसरते. खालीं घोंगडी व तिच्यावर स्वच्छ चादर असावी. तळाची उष्णता पाण्याच्या थेंबानें पाहतात : थेंब नुसता बसून राहिला तर तळ थंड, चर्र होऊन उडाला तर सुती कपड्यास योग्य. त्यापूर्वीं एका चिंधीवर हात फिरवून पाहावा. चिंधी पिवळी पडली तर थांबावें. सुती व तागी कापड कडक उष्णता सोसतें. रेशीम व लोंकर यांस मध्यम उष्णता, तीही उलट बाजूनें व मधें पातळ फडकें घालून द्यावी. जरीच्या कांठावर तापलेला तळ थेट ठेवूं नये. कृत्रिम धाग्याचें कापड सर्वांत नाजूक; तें जळण्यापूर्वीं वितळतें व तळास चिकटतें. कपड्यांच्या पट्टीवरील इस्त्रीच्या चिन्हांत जे ठिपके असतात त्यांचा अर्थ हाच : २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणें एक ठिपका म्हणजे तळाची कमाल उष्णता ११० अंश, दोन म्हणजे १५० आणि तीन म्हणजे २०० अंश सेल्सिअस.

५. निगा

काम संपल्यावर निखारे काढून पेटी आपोआप निवूं द्यावी. तापलेल्या बिडावर पाणी ओतल्यास तें तडकतें. जुन्या नगांच्या तळास ज्या केसासारख्या भेगा दिसतात, त्यांचें एक कारण हें असतें. राख आंत राहूं देऊं नये. ती हवेंतील ओल शोषते, आणि पावसाळ्यांत त्या ओल्या क्षारानें तळ आंतून खाल्ला जातो. खळीचा थर तळास चिकटून तपकिरी झाला असेल, तर तळ कोमट असतांना ओल्या फडक्यानें पुसावा. सुरीनें खरडूं नये. तळ गुळगुळीत राहावा म्हणून फडक्यांत बांधलेलें मेण त्यावर फिरवून लगेच कोऱ्या चिंधीनें पुसून घेतात. केळीच्या पानावर तापलेला तळ घासण्याची रीतही नारळी-पोफळीच्या मुलुखांत प्रसिद्ध आहे. पानाच्या पृष्ठावरील मेणच तें काम करितें. पावसाळ्यापूर्वीं बिडास खोबरेल तेलाचा पातळ हात द्यावा, आणि पेटी जमिनीवर न ठेवतां अडणीवर ठेवावी.

विजेच्या इस्त्रीस राख नाहीं, पण निगा आहे. घरगुती नग बहुधा ७५० वा १००० वॉटचा असतो; त्याची वायर गरम तळाभोंवतीं गुंडाळूं नये, कारण वरचें आवरण मऊ होऊन फाटतें. पुसण्यापूर्वीं खटका बंद करून वायर काढावी. वाफेच्या इस्त्रींत विहिरीचें जड पाणी घालूं नये. दख्खनच्या पुष्कळ विहिरींच्या पाण्यांत चुन्याचे क्षार असतात. ते वाफेच्या भोंकांत बसतात आणि पुढें पांढऱ्या चुऱ्याच्या रूपानें कपड्यावर पडतात. ऊर्ध्वपातित अथवा मृदु पाणी वापरावें, व काम झाल्यावर टांकी रिकामी करावी.

६. संग्राहकांस विनंति

आतां ज्यांच्यासाठीं हा लेख मुख्यतः लिहिला, त्या संग्राहकांशीं थोडें बोलावयाचें आहे.

पहिली गोष्ट कागदाची. दुमडलेला मोडी कागद किंवा चुरगळलेलें पोथीचें पान इस्त्रीनें सरळ करण्याचा मोह अनेकांस होतो. तो आवरला पाहिजे. हातकागद खळीवर उभा आहे, हें वर सांगितलेंच. कडक उष्णतेनें त्या खळीतील व धाग्यांतील ओल उडून कागद ठिसूळ होतो, आणि आज सरळ झालेली घडी पुढें त्याच रेषेंत तुटते. काजळीची शाई पाण्यानें फुटते, म्हणून कपड्याप्रमाणें पाणी शिंपडणें तर सर्वथा वर्ज्य. कागदावर लाखेची मोहर असेल तर ती वितळते. आणि मोहर गेली म्हणजे कागदाची साक्षच गेली. अशा पानास हलकी ओल व हलकें वजन हींच औषधें आहेत, आणि तींही जाणत्या हातानें द्यावयाचीं.

इस्त्रीचा योग्य उपयोग कागदावर नसून कागदाच्या वस्त्रावर आहे. पेशवे दफ्तरांतील बासनांस आपण रुमाल म्हणतों. घरोघरच्या पोथ्याही वस्त्रांतच बांधलेल्या असतात. हें वस्त्र सुती असावें, स्वच्छ धुवावें, आणि त्यास खळ देऊं नये; कारण कसर खळीवरच पोसते. तें कडक इस्त्री करून पूर्ण निवाल्यावर व कोरडें झाल्यावरच पोथीस बांधावें. ऊन कपड्यांत राहिलेली वाफ दफ्तरांत कोंडली, तर बुरशी येते.

दुसरी गोष्ट इस्त्रीची. एका जुन्या बाजारांत मीं पाहिलेल्या एका पितळी इस्त्रीच्या झांकणावर पूर्वीं कोरलेलें नांव होतें. विक्रेत्यानें ती गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरावी म्हणून चाकावर धरून इतकी घासली होती कीं, त्या नांवाच्या शेवटच्या दोन अक्षरांचे पाय तेवढे शिल्लक होते. वर चकचकीत रोगण. त्या घरचें नांव, कदाचित् गांवही, एका दुपारींत नाहींसें झालें. ताम्रपट असा घासला असता तर आपण हळहळलों असतों. या पितळेसाठीं कोणी हळहळलें नाहीं.

म्हणून विनंति अशी कीं, ज्या घरांतून दफ्तर मिळेल त्या घरची इस्त्रीही पाहावी. तिचें वजन, लांबी, धातु, रिव्हेट आहेत कीं स्क्रू, जाळी आहे कीं नाहीं, झांकणावर वा तळावर ओतलेला अंक अथवा नांव, हें टिपून ठेवावें. चिंच, रांगोळी वा विटेची भुकटी अक्षरांवर लावूं नये. कोरड्या मऊ फडक्यानें पुसणें पुरे. मोडलेली मूठ बदलल्यास जुनी फेंकूं नये. आणि त्या घरच्या खर्चाच्या याद्या वाचतांना परीट, खळ, कोळसा व इस्त्री हे शब्द जेथें येतील, तेथें मिति व शक यांसह उतरून घ्यावे. एस्तिरार शब्दाचा वाद कोशांत बसून मिटणारा नाहीं. तो मिटविणारी ओळ एखाद्या परटाच्या हिशेबांत असेल, आणि असे हिशेब क्षुद्र समजून बाजूस टाकण्याची आपली संवय आहे. ती संवय सुटली, तर वस्तु व शब्द यांचा हा तुटलेला सांधा आपणांसच जुळवितां येईल.